खोडरबर बाजूला ठेवा

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिलेल्या अनेकांचा चित्रकलेशी संबंध दहावीच्या वाढीव गुणांबरोबर संपतो. फुलदाणीच्या दोन्ही बाजू सारख्या येईनात, की कागदाला भोक पडेपर्यंत खोडायचं, ही आपली शिस्त. माझं मत उलट आहे: रोज एक पान रेखाटनानं भरावं, तेही खोडरबर न घेता.

साधन मी रोज बदलते. आज बॉलपेन, उद्या कोळशाची कांडी, परवा शाईत बुडवलेली खराट्याची काडी. जाड कोळसा बारीक तपशील काढूच देत नाही. भाजीवालीच्या पाटीतल्या मेथीचा नुसता काळाभोर ढीग उरतो आणि तोच खरा वाटतो. काडीवरची शाई मध्येच संपते, रेघ तुटते, कावळ्याची शेपटी आपोआप विस्कटते. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांनी वर्षानुवर्षं कावळे रेखाटले, तरी तो विषय त्यांना शिळा झाला नाही.

वेळ नाही, ही सबब मला पटत नाही. दूध तापेपर्यंत गॅसजवळ उभं राहावंच लागतं. तेवढ्यात पातेलं रेखाटून होतं. महागडी वही घेऊ नका, तिच्यापुढे हात आखडतो. पाठकोरे कागद शिवून घ्या. आणि पानं लगेच कुणाला दाखवू नका. शाबासकीची वाट पाहू लागलात, की पुन्हा परीक्षाच सुरू.