ऑर्डरवहीत स्वतःचं नाव

आपल्या व्यवसायातली कुठलीही शेड डोळ्यांपुढे आणा. बाहेर भिंतीला टेकून गिऱ्हाईकाचं गेट उभं असतं. वेलबुट्टी जुळलेली, कोपरे गुण्यात, बिजागऱ्यांना ग्रीससुद्धा लावलेलं. आत मात्र ज्या मशीननं ते गेट जोडलं, ते रंगाच्या उपड्या डब्यावर बसलेलं. होल्डर खिडकीच्या गजाला अडकवलेला, अर्थिंगचा क्लॅम्प पायात, रॉडचं फाटकं पाकीट सिमेंटच्या पोत्यावर. ग्राइंडर कुठे आहे विचारलं, तर तीन माणसं तीन दिशांना बघतात.

मशीन इकडून तिकडे न्यायचं झालं की कुणीतरी केबल धरतो आणि ओढतो. केबल ओढली की टोकाचा लग थोडा सैल होतो. सैल लग तापतो, तापला की काळा पडतो, काळा पडला की करंट पुरा जात नाही. मग आर्क फडफडते, रॉड चिकटतो आणि आपण दुकानदाराला फोन लावतो, 'या वेळचे रॉड दमट आलेत.' रॉड बिचारे कोरडे असतात. दोष पंधरा दिवसांपूर्वीच्या त्या ओढण्यात असतो.

या महिन्याच्या संपादकीयाचा विषय म्हणूनच अगदी साधा आहे: वेल्डिंगची ट्रॉली. विकत आणलेली नव्हे, भंगारातून स्वतः जोडलेली. विषय किरकोळ वाटेल. पण गिऱ्हाईकाच्या कामात एक सूत न सोडणारी माणसं स्वतःच्या हत्यारांच्या बाबतीत हातभर सोडतात, ही गोष्ट मला किरकोळ वाटत नाही.

आपल्याकडे ट्रॉली नव्हती असंही नाही. ऑइल कूल्ड ट्रान्सफॉर्मरचे जुने सेट आठवा. दोन माणसांनाही न उचलवणारं ते धूड कारखान्यातूनच लोखंडी चाकांवर यायचं. मग इन्व्हर्टर मशीन आलं. पाच-दहा किलोंचं, पट्टा लावून खांद्याला अडकवता येणारं. मशीन हलकं झालं आणि आपण चाकं सोडून दिली. हिशेब तिथेच चुकला. मशीन हलकं झालं तरी दोन्ही केबल, ग्राइंडर, रॉड, हेल्मेट, चिपिंग हॅमर, गुण्या आणि वाळूची बादली यांचं वजन होतं तेवढंच राहिलं. आता लहान शेडमध्येही मिग मशीन येऊ लागलं आहे. त्याच्यासोबत कार्बन डायऑक्साइडचा माणसाच्या छातीपर्यंत येणारा सिलिंडर येतो, आणि तो भिंतीला दोरीनं बांधून ठेवण्याची रीतही येते. चाकांची गरज परत आली आहे. सवय तेवढी आलेली नाही.

ट्रॉली भंगारातूनच का करायची? पैसे वाचतात हे खरं, पण ते दुसऱ्या क्रमांकाचं कारण. नवीन माल आणून काम करताना आपण आधी ड्रॉइंग काढतो आणि मग माल कापतो. भंगारात हे उलटं होतं. आधी माल समोर असतो, आणि त्याच्याकडे बघून ड्रॉइंग सुचावं लागतं. मोडक्या खाटेचा अँगल, डेझर्ट कूलरचा सांगाडा, लोखंडी कपाटाचा खण, रॅकचा भोकं पाडलेला अँगल, एमआयडीसीतल्या शेजाऱ्याकडचे प्लेटचे कटपीस. हा सगळा ढीग जमिनीवर पसरा. खडूनं फरशीवर खऱ्या मापाचा आराखडा काढा. कुठला तुकडा न कापता कुठे बसतो ते बघा. जो तुकडा आहे त्या लांबीत बसतो, तो सगळ्यात स्वस्त तुकडा. त्याला ना कटिंग व्हील लागतं, ना रॉड, ना वेळ.

वजनाचा अंदाजही आधीच घ्या. पंचवीस बाय पंचवीस बाय तीनचा अँगल मीटरला सव्वा किलोच्या आत भरतो. मध्यम ट्रॉलीला आठ मीटर पुरतो, म्हणजे नऊ-दहा किलो. दोन मिलिमीटर पत्रा चौरस मीटरला पावणेसोळा किलो. साठ बाय चाळीस सेंटिमीटरचे दोन कप्पे केले, तर साडेसात किलो. चाकं धरून सगळं पंचवीस किलोंच्या आसपास बसतं. 'मजबूत हवी' म्हणून पन्नास बाय पन्नास बाय सहाचा अँगल घालणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तो मीटरला साडेचार किलो आहे. नुसता सांगाडाच छत्तीस किलोंचा होईल, आणि ती ट्रॉली कोपऱ्यात जिथे उभी राहील तिथेच राहील.

भंगारातून काय घ्यावं हे सगळेच सांगतात. काय घेऊ नये, हे ज्याला कळतं तो खरा कारागीर. ग्राइंडर टेकवा आणि ठिणग्या बघा. साध्या एमएसच्या ठिणग्या लांब, फिक्या पिवळ्या निघतात. फुलबाजीसारख्या फुटत गेल्या, तर कार्बन जास्त आहे. गाडीच्या कमानीचे पाटे असे असतात. त्यांना साधा टाका मारला, तर टाक्याशेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि एखाद्या दिवशी दणक्यासरशी तिथेच तुटतो. ठिणग्या आखूड आणि लालसर असतील, तर ते बीड. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीकडे मोडीत निघालेल्या यंत्रमागांचे बिडाचे भाग भंगारात दिसतात. दिसायला देखणे, पण साध्या रॉडनं जोडायला गेलात तर थंड होताना शेजारून चीर जाते. बीड वापरायचंच असेल तर नट-बोल्टनं आवळा.

जीआय पाइपचा पांढरा धूर आपण सगळ्यांनी खाल्ला आहे. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, सकाळी उतरतो, आणि 'दूध पी, गूळ खा' असा सल्ला मिळतो. दूध-गूळ जरूर खावा, पण जस्ताच्या धुराला तो उतारा नाही. टाक्याच्या जागेचा थर आधी ग्राइंडरनं काढणं, तेही तोंडाला मास्क लावून, आणि उघड्यावर काम करणं, हा उपाय. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून तोही आधी खरवडायचा. क्रोम चढवलेला पाइप तर सोडूनच द्या. ब्रेक क्लीनरनं पुसलेल्या तुकड्याला आर्क लावू नका. क्लोरीनचं सॉल्व्हंट असलेल्या क्लीनरपासून आर्कच्या उष्णतेनं फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. चारही बाजूंनी बंद असलेल्या कुठल्याही वस्तूला, मग ते थिनरचं रिकामं पिंप असो, शॉक अॅब्सॉर्बर असो की फ्रिजचा कॉम्प्रेसर, कापायला किंवा जोडायला हात लावू नका. 'रिकामं' पिंप आतल्या वाफेनं भरलेलंच असतं.

आणि एक, जे आपण बोलत नाही. ऐरण म्हणून रुळाचा तुकडा किती शेडमध्ये आहे? रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६च्या कायद्यानं गुन्हा आहे. भंगारवाल्याकडून माल घेताना पावती मागायची सवय लावून घ्या. पावती देता येत नसेल, तर तो तुकडा कितीही जाड असो, आपल्या कामाचा नाही.

आता चाकं. इथे माझीच फजिती सांगतो. माझ्या पहिल्या ट्रॉलीला मी फिरत्या खुर्चीची चाकं लावली होती. फुकट मिळाली होती, झुळझुळ फिरत होती. सिलिंडरसाठी मागे पत्र्याचा कप्पा केला, तोही कमरेएवढ्या रुंदीचा आणि जमिनीपासून वीतभर उंच, कारण खालून झाडू जावा असं वाटलं. शेडच्या दाराला जेमतेम दीड सेंटिमीटरचा उंबरठा होता. पुढचं चाक तिथे अडलं, मी जोर लावला आणि ट्रॉली सिलिंडरसकट आडवी झाली. सिलिंडर रिकामा होता आणि व्हॉल्व्हवर टोपी होती. भरलेल्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तुटला असता, तर तो भिंतीत घुसला असता.

नंतर हिशेब मांडला. पंधरा मिलिमीटरचा उंबरठा चढायला दोन इंची चाकाला, त्या चाकावर जेवढं वजन आहे त्याच्या सुमारे सव्वादोन पट आडवा जोर लागतो. आठ इंची चाकाला तोच उंबरठा सहा-दशांश जोरात चढता येतो. उलटण्याचा हिशेबही तितकाच निर्दय आहे. एक मीटर चाळीस उंचीचा सिलिंडर जमिनीपासून पंचवीस सेंटिमीटरवर ठेवला आणि चाकांमधलं अंतर चाळीस सेंटिमीटर धरलं, तर सिलिंडरपुरता विचार करता ट्रॉली बारा अंशांवरच कलंडते. कप्पा आठ सेंटिमीटरवर आणला आणि अंतर छप्पन्न केलं, तर ती वीस अंशांपर्यंत तग धरते. फरक अर्ध्या मीटर अँगलचा.

म्हणून मागे मोठी, न वळणारी चाकं एका अॅक्सलवर, आणि सिलिंडर त्या अॅक्सलच्या जवळात जवळ, जमिनीला टेकेल असं वाटण्याइतका खाली. पुढे ब्रेकची दोन फिरती चाकं. सिलिंडरला दोन साखळ्या, त्यातली एक दोन-तृतीयांश उंचीवर. दोरी नको, तिला ठिणगी पुरते. अॅसिटिलीन असेल तर तो उभाच राहिला पाहिजे, कारण आत गॅस अॅसिटोनमध्ये विरघळलेला असतो आणि आडव्या सिलिंडरातून अॅसिटोनच बाहेर येतो. चाकांच्या प्लेटा बोल्टनं बसवा. वेल्ड केलं तर ग्रीस जळतं, रबर वितळतं, आणि चाक बदलायची वेळ आली की पुन्हा ग्राइंडर घ्यावा लागतो.

चौकट करताना आधी फक्त टाके मारा आणि दोन्ही कर्ण मोजा. गिऱ्हाईकाच्या खिडकीला मोजता, तसेच. मग एकाच कोपऱ्यात पूर्ण वेल्ड न भरता समोरासमोरच्या कोपऱ्यांत आळीपाळीनं भरत जा, म्हणजे चौकट ओढली जाणार नाही. मशीनचा कप्पा वर ठेवा आणि थोडा मागे कललेला, म्हणजे नॉब वाकून बघावे लागणार नाहीत. ग्राइंडरची जागा मशीनच्या पंख्यापासून लांब. इन्व्हर्टरचा पंखा लोखंडाची भुकटी आत ओढतो, आणि सर्किटवर तिचा थर बसला की दुरुस्तीचं बिल येतं. केबल गुंडाळायला रुंद आकडे करा. होल्डरचा आकडा सिलिंडरच्या दुसऱ्या बाजूला, त्यावर सायकलची जुनी ट्यूब चढवलेली. सिलिंडरला चुकूनही आर्क लागता कामा नये. रॉडसाठी झाकणाचा पीव्हीसी पाइप. कोकणातल्या मंडळींना त्याचं कारण सांगायला नको.

'हे सगळं ठीक, पण वेळ कुठे आहे?' हा प्रश्न मला अपेक्षित आहे. तयार ट्रॉली मिळते, हेही माहीत आहे. पण गिऱ्हाईकाचं काम आपल्या शेडमधून निघून जातं. गेट दोन वर्षांनी कुठल्या टाक्यात कुरकुरतं, ग्रील कुठून गंजतं, हे आपल्याला कुणी येऊन सांगत नाही. स्वतःची ट्रॉली रोज सकाळी समोर येते. कच्चा टाका रोज खडखडतो, चुकीच्या उंचीचा कप्पा रोज कंबर दुखवतो. आपल्या चुका आपल्याच अंगावर येतील असं हे एकच काम आहे, आणि त्याच्यासारखा शिक्षक नाही. आयटीआयमध्ये वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा असतो, आणि त्यातला बराच काळ मुलं प्लेटच्या तुकड्यांवर वेल्डच्या ओळी घालतात. ते आवश्यकच आहे. पण वर्षाअखेरीस प्रत्येक मुलानं भंगारातून एक ट्रॉली करावी आणि ती घेऊन बाहेर पडावं, असं निदेशकांनी ठरवलं, तर त्या मुलाला कुठेही आपलं प्रमाणपत्र आधी दाखवावं लागणार नाही.

आपण नाही घेतला, तर तो खाटेचा अँगल भंगारवाल्याच्या काट्यावर चढेल, कदाचित जालन्याच्या भट्टीत वितळेल आणि सळई होऊन कुणाच्या तरी स्लॅबमध्ये जाईल. त्यातही वाईट काही नाही. पण मधल्या पाच-दहा वर्षांत तो आपलं मशीन वाहू शकतो.

तेव्हा या आठवड्यात ऑर्डरवही उघडा. गिऱ्हाईकाच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहा, कामाच्या रकान्यात 'ट्रॉली', आणि डिलिव्हरीची तारीख टाका. इतर गिऱ्हाईकांना देता तशी नव्हे, खरी. काम झालं की रंग लावण्याआधी सगळा माल चढवा, सिलिंडर रिकामा घ्या, टोपी घट्ट करा, साखळ्या लावा, आणि ट्रॉली दाराच्या उंबरठ्यावरून एकदा बाहेर, एकदा आत घ्या. अडली, तर पैसे देऊ नका.