बाहुलीचे वस्त्र आणि बाहुलीचे अंग

मुंबई महानगरपालिकेने २०१३ च्या मे महिन्यात कापडाच्या दुकानांबाहेर उभ्या असणाऱ्या बाहुल्यांसंबंधी एक ठराव संमत केला होता, हे पुष्कळांस आता आठवतही नसेल. घाटकोपरच्या त्या वेळच्या नगरसेविका श्रीमती रितू तावडे ह्यांनी तो मांडला. अंतर्वस्त्रे घालून रस्त्याच्या तोंडाशी उभ्या केलेल्या ह्या बाहुल्या स्त्रीजातीस लाजविणाऱ्या आहेत, त्यांच्यामुळे पुरुषांची मने बिघडतात आणि स्त्रियांवरील अत्याचारांस उत्तेजन मिळते, असा त्यामागील विचार होता. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ मधील त्या भीषण प्रकारास तेव्हा पुरते सहा महिनेही लोटले नव्हते. सर्वांचीच मने पोळलेली होती. तेव्हा ठरावामागील हेतूविषयी शंका घेण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. शहरात थोडा हशा पिकला, परदेशी वर्तमानपत्रांनी चार घटका आपली करमणूक करून घेतली, आणि बाहुल्या होत्या तेथेच राहिल्या. आज घाटकोपरच्या महात्मा गांधी रस्त्यावर जा, मुलुंडला जा, अंधेरी किंवा बोरिवली स्टेशनाबाहेरच्या गल्ल्यांत जा; त्या पूर्ववत उभ्या आहेत.

हसणाऱ्यांत आम्ही नव्हतो, आणि ठरावाच्या बाजूनेही नव्हतो. आमची तक्रार निराळीच आहे. एवढे मोठे सभागृह बाहुल्यांवर बोलावयास उभे राहिले, आणि त्याने बाहुलीच्या अंगावरचे वस्त्र तेवढे पाहिले. वस्त्राखालचे अंग कोणीच पाहिले नाही! वस्त्र काय, आज आहे, उद्या दुकानदार दुसरे चढवील. पण ती जी पावणेसहा फूट उंच, मुठीत मावेल अशा कमरेची, सोनेरी केसांची अथवा मुळी डोकेच नसलेली स्त्री त्याने पैसे मोजून आणली आहे, ती दहा वर्षे तेथून हलत नाही. तिच्या अंगावर पैठणी नेसवा की आणखी काही घाला, ती एकच गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीस सांगत असते: 'बाई असते ती अशी.' असभ्यपणा शोधावयाचाच असेल तर आमच्या मते तो येथे आहे.

हे आम्हांस कोणत्या ग्रंथाने शिकविले नाही. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुमारास आमच्या घरातील एका मुलीबरोबर उपनगरातील एका दुकानी जाण्याचा योग आला. मुलगी विशीतली, बांध्याने आपल्या आजीसारखी, म्हणजे ठेंगणी आणि भरल्या अंगाची. काचेआडच्या बाहुलीवरील कुडता तिला फार आवडला. तिने तो घालून पाहिला आणि पडद्यामागून बाहेर आली ती डोळे खाली घालून. खांद्यावर ताणलेला, गुडघ्याखाली लोंबणारा तो कुडता पाहून ती एवढेच म्हणाली, "मामा, मलाच काही शोभत नाही." दुकानातील पोऱ्याने दुसरे माप पाहण्यासाठी बाहुली फिरविली, आणि तिची पाठ आमच्याकडे झाली. त्या पाठीवर आम्ही सात चिमटे मोजले! कपडे वाळत घालावयाचे चिमटे, मानेपासून कमरेपर्यंत ओळीने लावलेले. म्हणजे तो कुडता त्या बाहुलीसही होत नव्हता. जो मेणासारख्या निर्जीव अंगासही चिमट्यांवाचून शोभत नाही, तो आपल्याला शोभत नाही म्हणून एक जिवंत मुलगी स्वतःस दोष देत होती. पोऱ्यास विचारले तर तो निरागसपणे उत्तरला, "साहेब, डमी आहे ना, डमीला सगळं फिट करावंच लागतं." मुलीस मात्र 'फिट' करण्याची सोय दुकानाबाहेर शिलाईयंत्र घेऊन बसलेल्या कारागिराकडे, आणि तिचा आकार वेगळा!

आपल्याकडील स्त्रीचे माप काय, हे काही गूढ नाही. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांस किंचित कमी, अशी भरली. दुकानातील बाहुली तिच्याहून वीतभर तरी उंच. शिवाय तिची पावले उंच टाचांच्या बुटांसाठी घडविलेली, म्हणून साडीच्या दुकानातही ती अनवाणी चवड्यांवर उभी. जणू ह्या मुलखाच्या जमिनीस टाच टेकावयाची तिला लाजच वाटते. बरे, ज्या देशांतून हा नमुना आला तेथील स्त्रिया तरी अशा असतात काय? हेलसिंकी येथील रिंताला आणि मुस्तायोकी ह्या संशोधकद्वयाने १९२० नंतरच्या दशकांतील जुन्या बाहुल्यांपासून अलीकडच्यांपर्यंत मापे घेतली आणि १९९२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आपला निष्कर्ष मांडला. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या बाहुल्या साधारण निरोगी स्त्रीच्या अंगाच्या होत्या; पुढे त्या रोडावत गेल्या, आणि हल्लीच्या बाहुलीच्या अंगाची स्त्री खरोखर असती तर अंगातील चरबीच्या अभावी तिला बहुधा मासिक पाळीच आली नसती! २०१७ साली इंग्लंडातील दोन शहरांत अशीच पाहणी झाली, तेव्हा पाहिलेली प्रत्येक स्त्री-बाहुली प्रमाणाबाहेर कृश भरली. पुरुष-बाहुल्यांत तशा शंभरांत आठच निघाल्या. हा पंक्तिप्रपंच वाचकांनी ध्यानात ठेवावा.

म्हणजे जी आजारी, तिलाच आपण आदर्श म्हणून काचेत उभी केली. आणि ज्या घाटकोपरातून ठराव निघाला, त्याच घाटकोपरात एके काळी राजा रविवर्म्याचा शिळाछापाचा कारखाना होता. १८९९ साली तो तेथून लोणावळ्याजवळ मळवलीस गेला. त्या छापखान्याच्या लक्ष्मी-सरस्वतींनी हिंदुस्थानभर घराघरांच्या भिंती सजविल्या. त्यांचे दंड गोल आहेत, हनुवटीखाली मांस आहे, पोट पोटासारखे आहे. त्या चित्रांवर टीका करावयास जागा आहे, आम्हीही ती केली असती. पण त्यांच्यापुढे हात जोडणाऱ्या गृहिणीस आपले अंग चुकीचे आहे असे कधी वाटले नसेल. शंभर वर्षांच्या आत त्याच उपनगरातील भिंतीवरची बाई उतरली आणि काचेतली बाई चढली.

ह्यावर दुकानदाराचे उत्तर ठरलेले आहे, आणि ते अगदीच टाकाऊ नाही. तो म्हणतो, उंच आणि सडपातळ अंगावर कापड सरळ पडते, नक्षी दिसते, माल उठतो. गिऱ्हाइकाला आरसा नको असतो, स्वप्न हवे असते. ठीक आहे. पण त्याच दुकानदारास विचारावे की कोणते माप आधी संपते आणि कोणते गाठोड्यात पडून राहते. तो खरे बोलणारा असेल तर कबूल करील की बाहुलीच्या मापाचा माल सर्वांत शेवटी जातो. मग ज्या गिऱ्हाइकाच्या जिवावर दुकान चालते, तिच्या अंगाची एक बाहुली दारात उभी करावयास काय हरकत आहे? लंडनमध्ये नायकी ह्या कंपनीने २०१९ साली आपल्या दुकानात स्थूल अंगाची बाहुली उभी केली, तेव्हा एका वृत्तपत्रात तिच्यावर तिखट लेख आला, पुष्कळ वाद झाला. पण कंपनीचे काही बुडाले नाही. झुरिकमध्ये तर अपंगांसाठी काम करणाऱ्या प्रो इन्फर्मिस ह्या संस्थेने खऱ्या अपंग माणसांची मापे घेऊन बाहुल्या घडविल्या. कोणाचा कणा वाकलेला, कोणाचा पाय नाही. त्या शहराच्या सर्वांत श्रीमंत बाजारपेठेत, उंची दुकानांच्या काचांत त्या मांडल्या. हे साल कोणते, तर २०१३! त्याच वर्षी आम्ही येथे बाहुल्यांवर पदर ओढण्याच्या खटपटीत होतो.

कोणी म्हणेल, बाहुली निवडण्यात एवढे शास्त्र कसले? वाचकहो, हे शास्त्र आपल्या घरांतून आहे. भाद्रपदात गौरी बसविताना काय होते ते आठवावे. (ज्यांच्याकडे खड्यांच्या गौरी येतात त्यांना ही यातायात नाही.) मुखवटा हाती आला की प्रश्न येतो तो अंगाचा. मखराची उंची केवढी, साडी सहावारी की नऊवारी, जरीचे काठ जड आहेत की हलके, निऱ्या कोठे पडतील, ह्या सर्वांचा विचार करून घरातील वडीलधारी बाई ठरविते की गौरीचे अंग केवढे हवे. मराठवाड्या-विदर्भाकडे महालक्ष्म्यांच्या कोठ्या असतात, त्यांत धान्य किंवा लाडू भरतात. इतरत्र उशा, दुलया, जुनी लुगडी गुंडाळतात आणि दोन पावले मागे सरून पाहतात. 'अजून भरा ग, गौर अशी रोड दिसून कसं चालेल?' हे वाक्य प्रत्येक घरात ऐकलेले असेल. साडीसाठी अंग घडविण्याची ही कला आहे, आणि त्यात अंग भरावयाचे असते, चिमट्यांनी आवळावयाचे नसते. मात्र अलीकडे बाजारात तयार अंगाच्या गौरी मिळू लागल्या आहेत, त्यांतील कित्येकींच्या कमरा पाहून आम्हांस त्या काचेतल्या बाईची आठवण होते.

कायद्याने हे सुधारेल अशी आमची मुळीच कल्पना नाही. स्त्रियांच्या असभ्य चित्रणास मनाई करणारा १९८६ चा केंद्रीय कायदा आहे. त्यात स्त्रीची आकृती, रूप, शरीर वा शरीराचा कोणताही भाग असे शब्द आहेत, आणि अश्लीलतेबरोबर स्त्रीस हीन लेखण्याचाही उल्लेख आहे. ह्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर वस्त्रापेक्षा मापावरच खटला भरावा लागेल! पण इन्स्पेक्टरने हाती फीत घेऊन दुकानोदुकानी बाहुल्यांच्या कमरा मोजाव्या, हा देखावा ठरावाहूनही हास्यास्पद व्हायचा. करावयाचे ते व्यापाऱ्यांनी आणि कारखानदारांनी. केंद्र सरकारच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाने नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीकरवी १५ ते ६५ वर्षांच्या २५,००० भारतीयांची मापे यंत्राने घेण्याचे काम हाती घेतले. त्यासाठी निवडलेल्या सहा शहरांत मुंबई होती. हा खर्च आपल्या पैशांनी होतो. त्या मापांवरून कुडते बेतले जातील ही चांगलीच गोष्ट. पण त्याच मापांच्या बाहुल्याही ओतल्या जाव्यात, ही मागणी कोणत्या महिला मंडळाने, कोणत्या व्यापारी संघाने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. साचा एकदाच करावयाचा असतो. पाच फुटांची एक, भरल्या अंगाची एक, साठीतल्या बाईच्या वाकल्या खांद्यांची एक. आणि टाचा जमिनीस टेकलेल्या.

त्या दिवाळीतील मुलीने कुडता घेतला नाही. परवा तिच्याबरोबर पुन्हा त्याच रस्त्याने जाण्याचा प्रसंग आला. दुकान तेच, बाहुली तीच, अंगावर नवी अनारकली. मुलगी आत गेली, काही न बोलता बाहुलीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि दुकानदारास म्हणाली, "आधी हे चिमटे काढा, मग मी पाहते."