विश्वास आधी, विजय नंतर

ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांचं नाव आपल्याकडे वर्षातून एकदा, ३ जुलैच्या आसपास निघतं. त्यांचा फोटो फिरतो, खाली 'नौशेराचा सिंह' असं लिहिलेलं असतं आणि अनेकदा एक वाक्य जोडलेलं असतं : त्यांनी आपलं देशप्रेम सिद्ध करून दाखवलं. हे वाक्य कौतुकानेच लिहिलेलं असतं, तरी मला ते खटकतं. का, ते सांगायचं तर १९४७-४८च्या हिवाळ्यात जावं लागेल.

फाळणीला जेमतेम चार महिने झाले होते. जम्मूच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत भारतीय फौजेचे दिवस वाईट चालले होते. नोव्हेंबरअखेर मीरपूर गेलं. कोटलीचा वेढा फोडला, पण ते राखता येईना म्हणून सोडावं लागलं. २४ डिसेंबरला झांगर पडलं. मीरपूर आणि कोटलीकडून येणारे रस्ते जिथे मिळतात ते हे ठाणं. ते गेल्यावर नौशेरा उघडं पडलं. गावात निर्वासितांची गर्दी आणि भोवतालच्या टेकड्यांवर शत्रू. अशा वेळी खंदकातल्या जवानाला नकाशा दिसत नसतो. आपण मागे सरतोय, एवढंच त्याला कळत असतं.

या काळात ५० व्या पॅराशूट ब्रिगेडचे प्रमुख होते उस्मान. त्यांची मूळची बलुच रेजिमेंट फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला गेली, पण ते गेले नाहीत. झांगर परत घेईपर्यंत खाटेवर झोपणार नाही, अशी त्यांनी शपथ घेतली आणि ऐन थंडीत जमिनीवर झोपू लागले. शपथेने माणसं हलतात, पण नुसत्या शपथेवर फार दिवस निघत नाहीत. खचलेल्या फौजेला काहीतरी जिंकलेलं डोळ्यांनी दिसावं लागतं.

ते पायरी-पायरीने दिसलं. जनरल करिअप्पा पश्चिम आघाडीचे प्रमुख म्हणून आले आणि त्यांनी उस्मान यांच्याकडे कोट ही उंचावरची जागा मागितली. नौशेरावर तिथून नजर ठेवता येत होती. १ फेब्रुवारी १९४८ला कोट घेतलं. पाचच दिवसांनी, ६ फेब्रुवारीच्या पहाटे, हजारोंच्या संख्येने हल्लेखोर नौशेरावर चालून आले. तैनधारच्या चौकीवर नाईक जदुनाथ सिंग यांच्यासोबत मोजून नऊ जण होते. लाटेमागून लाट आली, साथीदार पडत गेले, आणि शेवटी ते एकटे स्टेनगन घेऊन पुढे धावले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. नौशेरा टिकलं. भारताचे ३३ जवान कामी आले, १०२ जखमी झाले. हल्लेखोरांची हानी त्याच्या कितीतरी पट होती.

१८ मार्चला झांगर परत मिळालं. त्या लढाईत आपल्या मराठा रेजिमेंटची तिसरी, पॅरा बटालियनही होती. त्या रात्री उस्मान यांच्यासाठी जवळच्या गावातून खाट आणली गेली. पुढच्याच महिन्यात कारवारजवळच्या चेंडियाचे सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी राजौरीच्या वाटेवरचे सुरुंग ८ ते ११ एप्रिल असे चार दिवस काढले. त्या वाटेने रणगाडे गेले आणि १२ तारखेला राजौरी हाती आली. तीन महिन्यांपूर्वी मागे सरणारी फौज आता पुढे जात होती.

विजयाने मनोबल वाढतं हे खरं. पण या क्रमात मला दोन गोष्टी दिसतात. एक, हे विजय खरे होते. कोट घेतलं म्हणजे खरंच घेतलं. पुढच्या हल्ल्यात त्याचा उपयोग झाला. रात्री स्टुडिओत बसून जिंकलेल्या शहरांनी प्रेक्षकांना चेव येतो, खंदकातल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नसतो. दुसऱ्या दिवशी खोटेपणा उघडा पडला की होतं ते मनोबलही जातं.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. नौशेराच्या विजयाआधी एक निर्णय झाला होता. देशात धर्माच्या नावाने रक्त वाहत असताना, समोरचा शत्रू धर्माचीच हाक देत असताना, एका मुसलमान अधिकाऱ्याच्या हाती ब्रिगेड दिली गेली. त्याने अजून काहीही जिंकून दाखवलेलं नव्हतं. आणि त्याच्या शब्दावर हिंदू, शीख, मराठा, राजपूत जवान लढले. अधिकाऱ्यावर शंका घेणारी फौज तैनधार राखू शकली असती का? मला नाही वाटत.

म्हणून 'सिद्ध करून दाखवलं' हे वाक्य उलटं आहे. उस्मान यांनी काही सिद्ध करण्यासाठी लढाई जिंकली नाही. विश्वास होता म्हणून ती जिंकता आली. उलटा क्रम मान्य केला तर प्रत्येक मुसलमानाने आधी एक नौशेरा जिंकून दाखवावं लागेल. आमच्यातले बहुतेक शिक्षक, मेकॅनिक, कारकून, शेतकरी आहेत. नौशेरा कुठून आणायचं?

३ जुलै १९४८ला झांगरलाच तोफगोळ्याने उस्मान यांचा बळी घेतला. छत्तिसाव्या वाढदिवसाला बारा दिवस बाकी होते. दिल्लीत जामिया मिलियाच्या परिसरात त्यांची कबर आहे आणि दफनाला पंतप्रधान नेहरू हजर होते. पुढच्या ३ जुलैला त्यांचा फोटो जरूर पाठवा. फक्त त्याखाली लिहा की या देशाने एका माणसावर विश्वास टाकला होता, आणि तो विश्वास देशाच्या कामी आला.