माळ्यावरचा ३८६

छावणीतल्या घराचा माळा आवरायला काढला की आमच्याकडे दरवेळी एकाच वस्तूवरून वाद होतो. बाबांचा ३८६ कॉम्प्युटर, १९९२ साली घेतलेला. मावशी म्हणते, "गुरुवारच्या बाजारात भंगारवाल्याला देऊन टाक." आई म्हणते, "कुणी हात लावायचा नाही. त्यांची आठवण आहे." आईचं कोण मोडणार? बाबा गेल्यापासून तो जुन्या साडीत गुंडाळलेला.

गेल्या महिन्यात आईचा राग पत्करून मी तो उघडला आणि पोटात गोळाच आला. मदरबोर्डच्या कोपऱ्यात हिरवट-निळी बुरशीच जणू!

त्या काळच्या बोर्डांवर ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी डाख देऊन बसवलेली असायची. कॉम्प्युटर बंद असताना तारीख, वेळ आणि हार्ड डिस्कची माहिती तिच्या जोरावर टिकायची. मशीन चालू केलं की ती चार्ज व्हायची. वर्षानुवर्षं नुसती पडून राहिली की फुटते, आतलं अल्कलीयुक्त पाणी बाहेर येतं आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात सुटतं. म्हणजे आम्ही जपत होतो तेव्हाच तो आतून मरत होता.

आधी बॅटरी कापून काढली. टूथब्रशनं व्हिनेगर लावून अल्कली मारली, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून दोन दिवस वाळवलं. तुटलेल्या दोन रेषा बारीक तारेनं जोडल्या. नवी बॅटरी मात्र बोर्डावर बसवली नाही. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल होल्डरमध्ये घालून वायरनं लांब ठेवला. मध्ये एक डायोडही घातला, कारण हा सेल चार्ज करायचा नसतो; बोर्डानं त्यात करंट ढकलला तर तो फुटू शकतो.

मशीन सुरू झालं, पण तारीख १ जानेवारी १९८० आणि हार्ड डिस्कचा पत्ताच नाही! तिचे आकडे हातानं भरावे लागतात. ते कुठून आणायचे? कॅबिनेटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बाबांच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली होती : ९८०, ५, १७. सिलिंडर, हेड, सेक्टर. चाळीस एमबीची डिस्क घरघरली आणि १९९४ चा घरखर्च पडद्यावर आला. आई बराच वेळ नुसती वाचत होती. मग म्हणाली, "गॅसच्या सिलिंडरचे पैसे दोनदा धरलेत बघ यांनी."

माझं मत आता पक्कं झालंय. आठवण म्हणून ठेवलेल्या वस्तूला हात लावायचाच असतो. मावशीचं ऐकलं असतं तर ती एका दिवसात गेली असती, आईचं ऐकलं असतं तर हळूहळू, एवढाच काय तो फरक.

तुमच्याही माळ्यावर असं काही असेल, तर मंडळी, या रविवारी झाकण उघडा. निदान ती बॅटरी तरी काढून टाका. बाकीचं सावकाश.