टीबीच्या गोळ्या आणि घरातली इतर औषधे

टीबीचे उपचार सुरू झाले की रुग्णाला एक गोष्ट हमखास सांगितली जाते : लघवी केशरी होईल, घाबरू नका. हा रंग रिफाम्पिसिन या औषधामुळे येतो. याच औषधाचा दुसरा, डोळ्यांना न दिसणारा परिणाम सांगायचा मात्र अनेकदा राहून जातो.

आपण घेतो त्यातील बरीच औषधे यकृतातील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, निकामी करतात आणि मग ती शरीराबाहेर पडतात. सायटोक्रोम पी-४५० हे या विकरांचे मोठे कुटुंब. काही औषधे त्यांना रोखतात. उदाहरणार्थ, क्लॅरिथ्रोमायसिनमुळे कोलेस्टेरॉलचे सिम्व्हास्टॅटिन रक्तात साठते आणि स्नायूंना इजा होऊ शकते. रिफाम्पिसिन याच्या उलट वागते. ते यकृताला जास्त विकरे तयार करायला लावते. आठवड्या-दोन आठवड्यांत हा परिणाम पूर्ण दिसू लागतो आणि नेहमीच्याच मात्रेत घेतलेले दुसरे औषध कमी पडते.

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात याला विशेष अर्थ आहे. कामगाराला टीबीची औषधे सरकारी केंद्रातून मोफत मिळतात, मधुमेहाची गोळी गल्लीतल्या डॉक्टरांकडून आणि आणखी एखादी थेट मेडिकलमधून. देणाऱ्यांची एकमेकांशी गाठ पडत नाही. औषधांची मात्र यकृतात पडते. ग्लिमेपिराइडचा असर घटून साखर वाढते. ‘माला-एन’सारखी गर्भनिरोधक गोळी निष्प्रभ ठरू शकते, तांबीवर मात्र परिणाम होत नाही. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनची मात्रा वाढवावी लागते.

खरा धोका पुढे आहे. सहा महिन्यांनी उपचार संपतात आणि दोनेक आठवड्यांत विकरे पूर्ववत होतात. मधल्या काळात वाढवलेली मात्रा आता जास्त ठरते. साखर एकदम उतरते, वॉरफरिन घेणाऱ्याला रक्तस्राव होऊ शकतो. टीबी बरा झाल्याच्या आनंदात हे कोणाच्या ध्यानात येत नाही.

यावर उपाय खर्चिक नाही. एचआयव्हीबाबत तो आजही होतो : रिफाम्पिसिन घेणाऱ्यांना डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा दिले जाते आणि टीबीचे उपचार संपल्यावरही दोन आठवडे तसेच चालू ठेवले जाते. क्षयरोग कार्यक्रमात रुग्णाची मधुमेह आणि एचआयव्हीसाठी तपासणी होतेच. त्याच वेळी ‘आणखी कोणती औषधे चालू आहेत?’ हा प्रश्न विचारून उत्तर कार्डावर लिहिले पाहिजे. उपचार संपताना दुसऱ्या डॉक्टरांसाठी चार ओळींची चिठ्ठीही दिली पाहिजे. जे एका आजारात जमते, ते इतरांत न जमण्याचे कारण नाही.

तोवर रुग्णांनी सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरला दाखवावीत. गर्भनिरोधक गोळी घेणाऱ्या स्त्रियांनी उपचारांत आणि नंतरचे चार आठवडे दुसरे साधन वापरावे. आणि हे वाचून घाबरून कोणीही टीबीची गोळी बंद करू नये. बदलायची असते ती दुसऱ्या औषधाची मात्रा, तीही डॉक्टरांना विचारूनच.