ध्वनिमुद्रिकांचे श्रवण आणि गायकाचा अभ्यास

ज्या काळी खाँसाहेबांची एक तान पुन्हा कानी पडावी म्हणून शागिर्दाला पुढच्या मैफलीपर्यंत थांबावे लागे, त्या काळातील श्रवण आणि शंभर वर्षांचे संगीत खिशातल्या यंत्रात बाळगणाऱ्या आजच्या गायकाचे श्रवण यांत विपुलतेच्या दृष्टीने कमालीचे अंतर पडले आहे. परंतु त्या प्रमाणात आपली गायकी समृद्ध झाली आहे काय, हा प्रश्न प्रत्येक कलावंताने स्वतःस विचारावा, अशी आमची विनंती आहे. आमचे मत असे की, आपण पुष्कळ ऐकतो आणि थोडे शिकतो; कारण रसिकाच्या आस्वादालाच आपण अभ्यास समजू लागलो आहोत.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांनी कर्ण्यासमोर गाऊन ध्वनिमुद्रण केले, तेव्हापासून सुमारे अर्धशतक आपल्या थोर गायकांना तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचीच मुदत मिळत गेली. मैफलीत तासभर रागाची बढत करणाऱ्या कलावंताने एवढ्या अवधीत काय ठेवले, काय गाळले, आलापाचा कोणता अंश चिजेच्या भरण्यातच सामावून घेतला आणि तानेला कोठे हात घातला, हा निवाडाच अभ्यासकाने शोधावयाचा आहे. केसरबाई केरकरांची मालकंसाची तबकडी घेऊन केवळ तानांचा पल्ला मोजणाऱ्याच्या हाती फारसे काही लागणार नाही. तान कोणत्या स्वरावरून उचलली, श्वास कोठे घेतला आणि मुखडा कोणत्या अंगाने समेवर आणला, हे टिपणाऱ्याला मात्र एकच तबकडी महिनाभर पुरेल.

अशा अभ्यासाची रीत संथ आहे. प्रथम गायकाचा षड्ज कानाने निश्चित करून त्याला तानपुरा मिळवावा. जुन्या तबकड्यांची गती सर्वत्र सारखी नसल्याने तबकडीत ऐकू येणारी पट्टी हीच त्या गायकाची पट्टी, असे गृहीत धरू नये. मग चीज स्वरलिपीत उतरवावी, आणि जेथे कण, मींड किंवा श्रुतीचा हेलकावा चिन्हांत मावत नाही तेथे खूण करून ठेवावी, कारण त्या गायकाचे वैशिष्ट्य बहुधा अशा खुणांच्या जागीच सापडते. नंतर तबकडीबरोबर गावे, तबकडीवाचून गावे, आणि शेवटी त्याच रागातील निराळी बंदिश घेऊन तोच विचार तिच्यात चालतो की नाही, याची खातरजमा करावी. ही शेवटची पायरी गाळली, तर उरते ती नक्कल. (कर्ण्याच्या काळातील तबकड्यांत तानपुरा क्षीण ऐकू येतो आणि आवाज जोराने लावलेला भासतो, हा पुष्कळ अंशी त्या यंत्राचा परिणाम असून तो गायकाच्या किंवा घराण्याच्या खाती जमा करू नये.)

अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकून भीमसेन जोशी यांना जी ओढ लागली, तिने त्यांना लहान वयातच घर सोडून गुरूच्या शोधार्थ जावयास भाग पाडले. ती तबकडी त्यांची गुरू झाली नाही, आणि तालीम मिळाली ती पुढे खाँसाहेबांचेच शिष्य सवाई गंधर्व यांच्यापाशी, कुंदगोळात. उलट कुमार गंधर्व बालवयातच तबकड्यांवरील बुजुर्गांचे गाणे हुबेहूब गात, पण प्रा. देवधरांपाशी शिकून आणि पुढे दीर्घ चिंतनातून त्यांनी जे गाणे घडविले, ते त्यांपैकी कोणाचेही नव्हते. या दोन्ही उदाहरणांत तबकडीचे ऋण मोठे आहे, आणि दोहोंतही तबकडीपाशी थांबणे झाले नाही, हे आम्हांस विशेष महत्त्वाचे वाटते.

ज्यांचे गाणे मुद्रितच झाले नाही, अशा अल्लादिया खाँ आणि भास्करबुवा बखले यांच्याविषयी हळहळ व्यक्त करून आपण थांबतो. तसे थांबण्याचे कारण नाही. अल्लादिया खाँ यांच्या शिष्या केसरबाई व मोगूबाई कुर्डीकर, आणि अल्लादिया खाँ यांच्याच पुत्रांपाशी शिकलेले मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या मुद्रिका शेजारी शेजारी ठेवून ऐकाव्यात. जेथे तिघांची वाट एक होते तेथे खाँसाहेबांच्या तालमीचा अंश असण्याचा संभव अधिक, आणि जेथे ती फुटते तेथे प्रत्येकाची स्वतःची बुद्धी आहे, असे अनुमान करून ते आपल्या गळ्यावर तपासून पाहावे. या अभ्यासाची सविस्तर टिपणे वाचकांनी आमच्याकडे धाडल्यास ती या मासिकात अगत्यपूर्वक छापण्याची तजवीज आम्ही करू.