मॅटचे नियम आणि मातीतले खेळाडू

७ ऑक्टोबर २०२३ रोजी चीनमधील हांगझोऊ येथे आशियाई क्रीडा स्पर्धेतील पुरुष कबड्डीची अंतिम लढत भारत आणि इराण यांच्यात रंगली होती. सामना संपण्यास मिनिटभराहून किंचित अधिक अवधी उरला होता, गुणफलक २८-२८ असा बरोबरीत होता आणि भारताची निर्णायक चढाई होती. पवन सेहरावत चढाईस गेला. प्रतिस्पर्ध्याला स्पर्श होण्यापूर्वीच त्याचा पाय राखीव क्षेत्रात, म्हणजे खेळाडूंच्या बोलीतल्या लॉबीत पडला आणि त्याला अडविण्याच्या भरात इराणचे बचावपटूही त्याच्यामागोमाग लॉबीत शिरले. आता बाद कोण? जुन्या नियमाप्रमाणे चढाईपटू तर बादच, पण स्पर्श झालेला नसताना लॉबीत गेलेले बचावपटूही बाद. सुधारित नियमाप्रमाणे बाद एकटा चढाईपटू, आणि हा सुधारित नियम प्रो कबड्डी लीगमध्ये रुळलेला. पंचांचे निर्णय फिरत राहिले, दोन्ही संघांनी मॅटवर बसकण मारली आणि सामना सुमारे तासभर खोळंबला. अखेर भारताला चार आणि इराणला एक गुण देण्यात आला व भारताने ३३-२९ असे सुवर्णपदक जिंकले.

सुवर्णपदक आल्यामुळे आपल्याकडे त्या एका तासाची चर्चा लवकर आटोपली. तो निकाल उलटा लागला असता तर ती वर्षभर चालली असती. यातला विरोधाभास असा की, ज्या खेळाडूंचे नाव आणि उत्पन्न नव्या नियमांच्या लीगमधून उभे राहिले, त्यांनाच जुन्या नियमाने तारले. एकाच खेळाची दोन नियमपुस्तके हाताशी असली, की कोणते कधी उघडायचे यावर पदके ठरू लागतात.

हा प्रश्न कबड्डीपुरता नाही. गोल्फसारख्या श्रीमंत खेळातही तो उभा राहिला. आधुनिक चेंडू आणि काठ्यांमुळे अव्वल व्यावसायिकांचे फटके इतके लांब जाऊ लागले की जुनी मैदाने त्यांना अपुरी पडू लागली. मार्च २०२३ मध्ये आर अँड ए आणि अमेरिकेची गोल्फ संघटना या दोन नियमकर्त्या संस्थांनी प्रस्ताव मांडला, की कमी अंतर जाणारा चेंडू केवळ अव्वल स्पर्धांत सक्तीचा करावा आणि हौशी मंडळींना आपल्या चेंडूने खेळू द्यावे. चेंडू बनविणाऱ्या कंपन्यांनी आणि अमेरिकी व्यावसायिकांच्या पीजीए टूरने त्यास कडाडून विरोध केला. रविवारी सकाळी खेळणाऱ्या माणसाने विजेत्याच्याच चेंडूने खेळावे, यात त्या खेळाचे निम्मे आकर्षण आहे आणि निम्मी विक्रीही. डिसेंबर २०२३ मध्ये त्या संस्थांनी फूट टाळली आणि नवा निकष सर्वांनाच लागू करण्याचे जाहीर केले.

रत्नागिरी जिल्ह्याला गोल्फचे फारसे सोयरसुतक असण्याचे कारण नाही. मंडणगडापासून राजापूरपर्यंतच्या नऊ तालुक्यांत पाऊस सरला, भाताची कापणी उरकली की वाडीवाडीतली मंडळे जांभ्या दगडाच्या या मुलखातली लाल माती चाळून क्रीडांगण आखतात आणि दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत प्रकाशझोतातल्या स्पर्धा सुरू राहतात. संघाला बहुधा ग्रामदेवतेचे नाव असते. मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानी सामन्यासाठी रात्रीच्या गाडीने येतात. याच मातीतून चिपळूण तालुक्यातला शुभम शिंदे प्रो कबड्डीपर्यंत पोहोचला. २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात झालेल्या अकराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात हरियाणा स्टीलर्सकडून पराभूत झालेल्या पाटणा पायरेट्स संघाचा तो खेळाडू. मॅटवर कोणते नियम चालतात हा प्रश्न त्यामुळे इथल्या मुलांसाठी दूरचित्रवाणीवरच्या करमणुकीपुरता राहिलेला नाही.

'हौशी' आणि 'व्यावसायिक' हे शब्दही कबड्डीत सरळ नाहीत. १९७२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय महासंघाच्या नावातच 'अ‍ॅमॅच्युअर' हा शब्द आहे. मुंबईच्या स्पर्धांत मात्र 'व्यावसायिक गट' प्रो कबड्डीच्या कितीतरी आधीपासून आहे. तिथे व्यावसायिक म्हणजे भारत पेट्रोलियम, महिंद्र, मध्य रेल्वे, देना बँक यांसारख्या आस्थापनांचे संघ. त्यांतले खेळाडू पगार घेत, पण तो कारकुनाचा किंवा कामगाराचा. खेळ हे नोकरी मिळविण्याचे साधन होते. आजही आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत गुणवान खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण आहेत, आणि हे सारे मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धांतील प्रमाणपत्रांवर चालते. लीगच्या लिलावात २०१४ साली सर्वाधिक बोली राकेश कुमारवर १२ लाख ८० हजारांची लागली होती. २०२३ मध्ये पवन सेहरावतवर ती २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेली. पण त्या लिलावात नाव लागणारे मूठभर. उरलेल्यांचे भवितव्य जिल्हा आणि राज्य अजिंक्यपदाच्या कागदावर अवलंबून असते. या खेळाला हौशी म्हणणे ही भाषेची सवय झाली, वस्तुस्थिती नव्हे.

आता नियमांकडे वळू. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा जुन्या मंडळींनी 'हा तमाशा आहे' असे म्हणून नाके मुरडली. ती टीका सर्वस्वी रास्त नव्हती. पूर्वी आघाडी मिळविलेला संघ उरलेला वेळ रिकाम्या चढायांत कसा दवडी, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना दोन निष्फळ चढायांनंतर तिसऱ्या चढाईत गुण मिळविण्याची सक्ती किती आवश्यक होती ते कळेल. तीन किंवा त्याहून कमी बचावपटूंनी केलेल्या पकडीला जादा गुण देणारी अव्वल पकडही खेळाला पोषकच ठरली. लोण चढण्याच्या बेतात असलेला संघ त्यामुळे शेवटपर्यंत जिवंत राहतो. हे दोन्ही नियम आज आपल्या जिल्हा आणि राज्य स्पर्धांच्या वृत्तान्तांत नित्याचे झाले आहेत. याउलट, सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरणाऱ्या संघाला गुणतक्त्यात एक गुण देण्याची लीगमधली जुनी पद्धत, किंवा २०२५ च्या बाराव्या हंगामात साखळी सामन्यांतली बरोबरीच काढून टाकण्याचा निर्णय, हा तीन महिने चालणाऱ्या स्पर्धेचा हिशेब आहे. एका रात्रीत बाद पद्धतीने डझनभर सामने उरकायचे असलेल्या गावाला त्याचे काय? तिथे तर वीस मिनिटांचा डावही बरेचदा आखडता घ्यावा लागतो आणि त्याने कोणाचे बिघडत नाही.

अडचण आहे ती तिसऱ्याच ठिकाणी. नियमाचा मजकूर मॅटवरून मातीत उतरला, पण तो पाळण्याची साधने उतरली नाहीत. तीस सेकंदांची चढाई लीगमध्ये साऱ्या प्रेक्षकांसमोर घड्याळावर मोजली जाते. वाडीत ती पंचाच्या मनगटावर असते. तिसरी चढाई कोणती, याचा हिशेब लीगमध्ये पडद्यावर दिसतो. वाडीत टेबलापाशी बसलेल्या गुणलेखकाच्या वहीत असतो, आणि ओळ चुकली की भांडण जुंपते. बचावपटूचा पाय रेषेबाहेर आधी गेला की स्पर्श आधी झाला, हे लीगमध्ये चित्रफितीवर तपासता येते. मातीवर चुन्याची रेषा पहिल्या दहा मिनिटांत पुसलेली असते. मग प्रेक्षकांतून कोणीतरी मोबाइलवरचे चित्रण घेऊन धावत येतो आणि पंचाभोवती कोंडाळे जमते. ज्या सूक्ष्म नियमाची अंमलबजावणी कॅमेऱ्याशिवाय होऊच शकत नाही, तो कॅमेरा नसलेल्या मैदानावर लादणे म्हणजे पंचाला तोंडघशी पाडणे होय.

खुद्द मॅटचा मुद्दा याहून मोठा आहे. मॅटवर बूट घालून उभा राहणारा कोपरारक्षक आणि मातीत अनवाणी उभा राहणारा कोपरारक्षक यांचे पाय वेगळ्या रीतीने रोवले जातात. मातीवर घसरत जाऊन धरलेला घोटा मॅटवर तसा धरता येत नाही. मातीत घडलेल्या मुलाला निवड चाचणीत प्रथमच मॅटवर उतरावे लागले, तर नियम समान असूनही संधी समान राहत नाही. 'सर्वांना एकच नियम' असा आग्रह धरणाऱ्यांनी तालुक्याच्या ठिकाणी तरी एकेक मॅट आधी द्यावी, मग नियमावली पाठवावी.

क्रिकेटने ही गाठ फार पूर्वी सोडविली आहे. खेळाचे कायदे मेरिलेबोन क्रिकेट क्लबचे. त्यांवर प्रत्येक स्पर्धेच्या वेगळ्या खेळशर्ती. पायचीत म्हणजे काय, हे शिवाजी पार्कवर आणि लॉर्ड्सवर एकच. षटके किती, तिसरा पंच असावा की नाही, क्षेत्ररक्षणाची बंधने कोणती, हे स्पर्धेगणिक वेगळे. कबड्डीत असे दोन थर स्पष्टपणे पाडलेले नाहीत. माझ्या मते बाद कोण, गुण कशाचा आणि रेषा कोणती, हे गावच्या मैदानापासून आशियाई स्पर्धेपर्यंत एकच असले पाहिजे आणि त्यात बदल करण्याचा अधिकार लीगला नसावा. डावाची लांबी, बरोबरी सोडविण्याची रीत, चित्रफितीचा आधार, गुणतक्त्याची पद्धत, हे ज्याचे त्याने ठरवावे. हांगझोऊचा वाद पहिल्या थरातला होता, म्हणूनच तो इतका चिघळला.

हे ठरवायचे कोणी, हा पुढचा प्रश्न, आणि तो अधिक नाजूक. लीग चालविते मशाल स्पोर्ट्स ही खासगी कंपनी. महासंघावर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रशासक नेमला आणि कारभार निवडून आलेल्या कार्यकारिणीकडे सोपविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला फेब्रुवारी २०२५ मध्ये द्यावा लागला. मधल्या साडेसहा वर्षांत लीग भरभराटीला आली आणि नियमांच्या बाबतीत तिचाच शब्द प्रमाण वाटू लागला. पोकळी राहिली की ती कोणीतरी भरून काढतोच.

खो-खोत तर पारडे पुरतेच फिरले आहे. शाळेच्या पटांगणावर आपण शिकलेला खो-खो नऊ जणांचा. २०२२ साली पुण्यात बालेवाडीत अवतरलेल्या अल्टिमेट खो-खोने तो सात जणांचा केला, दोन्ही दिशांनी धावू शकणारा 'वजीर' आणला आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषक त्याच वेगवान धर्तीवर खेळविला गेला. भारताने पुरुष व महिला अशी दोन्ही विजेतेपदे पटकावली. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचा कर्णधार प्रतीक वाईकर, दोघेही महाराष्ट्राचे. रत्नागिरीने महाराष्ट्राच्या महिला खो-खो संघाला अपेक्षा सुतार, आरती कांबळे यांच्यासारख्या खेळाडू दिल्या आहेत. परंतु ज्या लीगमध्ये हे नवे नियम घडले, तिचे पहिले दोन्ही हंगाम केवळ पुरुषांचे होते. कबड्डीतही महिलांसाठी २०१६ साली तीन संघांची छोटी स्पर्धा प्रो कबड्डीच्या जोडीने घेण्यात आली आणि पुढे ती गुंडाळली गेली. म्हणजे नियम घडविणाऱ्या दालनात मुलींना प्रवेश नाही, पण ते नियम लागू मात्र त्यांनाही होणार.

तूर्त जिल्हा पातळीवर करता येण्याजोगी गोष्ट अगदी साधी आहे. दर हंगामापूर्वी, म्हणजे नवरात्राच्या सुमारास, जिल्हा संघटनेने पंचांचे एक दिवसाचे शिबिर घ्यावे, लागू नियमांची मराठी पुस्तिका प्रत्येक मंडळाला द्यावी आणि लीगमधला कोणता नियम आपल्याकडे लागू नाही हे तिच्या पहिल्याच पानावर छापावे. स्पर्शाविना लॉबीत गेलेल्या बचावपटूचे काय करायचे, याचे उत्तर तरी त्या पानावर असावे. हांगझोऊला पंचांपाशी चित्रफीत होती, तरी तासभर लागला. वाडीतल्या पंचाला तो निर्णय शिट्टी तोंडातून काढण्याच्या आत द्यायचा असतो.